वैयक्तिक कारणास्तव

"बाई, तुमची नोकरी इथून सुरू होते," खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले. त्यांनी फाइलमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि फाइल माझ्याकडं वळवली. मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल म्हणून मी रुजू झाले, त्या दिवसाची ती नोंद होती. म्हणजे माझी दुसरी नोकरी.

"त्याच्या आधी बारा वर्षं मी शिक्षिका होते," मी म्हणाले. "अनुदानित शाळा. पगार सरकारच देत होतं."

"असेल की. पण राजीनामा दिलाय न्हवं? राजीनामा दिला की मागची सेवा गेली. आणि त्या बारा वर्षांचं सेवापुस्तकसुद्धा फाइलला नाही."

"गेली म्हणजे कुठं गेली?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता. दिवसातून वीसेक जणांना हेच सांगत असणार. "कुठं म्हणजे काय बाई, धरायची नाही, एवढंच."

बाहेर आले ती रागारागानं घरापर्यंत चालतच निघाले. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. निरोप समारंभातली शाल अजून घडीसकट कपाटात होती, आणि इथं एक माणूस चहाच्या कपाची बशी फाइलवर ठेवून मला सांगत होता, की माझ्या आयुष्यातली बारा वर्षं धरायची नाहीत.

त्या बारा वर्षांसाठी मी एवढी का पेटले, ते सांगायला हवं. मी शाळेत लागले तेव्हा जुनी पेन्शन होती. निवृत्तीनंतर ठरलेली रक्कम, मरेपर्यंत, महागाई वाढेल तशी वाढणारी. मी वसतिगृहात गेले तोवर नव्यानं लागणाऱ्यांसाठी ती बंद झाली होती. आधीपासून नोकरीत असलेला माणूस रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या खात्यात गेला, तर त्याची मागची सेवा पुढं जोडली जाते आणि जुनी पेन्शन टिकते. साधा राजीनामा देऊन गेला, तर तो नवखा ठरतो. त्याला मिळतो तो स्वतःच्याच पगारातून कापून साठवलेल्या पैशाचा तुकडा. एकतीस वर्षं नोकरी करून मी कागदावर नवखी ठरले होते.

आमची शाळा मलकापूरच्या पुढं, मोठ्या रस्त्यावरून आत डोंगराकडं गेलं की लागायची. मी गणित आणि विज्ञान शिकवायची. यजमानांचा कोल्हापुरात रिवाइंडिंगचा, म्हणजे विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचा, छोटा कारखाना होता, म्हणून ते तिथंच राहायचे. मी सोमवार ते शनिवार गावात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या एस्टीनं घरी यायची.

आठवीच्या वर्गात धनगरवाड्यावरची एक मुलगी होती. दीड तास चालत यायची. मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस ती दिसायची नाही. पण आली की फळ्यावरचं गणित माझ्या आधी तिच्या वहीत सुटलेलं असायचं. त्या भागातल्या मुलींसारखीच ती बोलायची, "मी जातो बाई", "मी सोडवलो बाई". सुरुवातीला मी दुरुस्त करायची. नंतर सोडून दिलं. गणित बरोबर येत होतं.

एके दिवशी ती यायची बंद झाली. आठवडा झाला तसं मी शाळेच्या शिपाईमामांना घेऊन धनगरवाड्यावर गेले. तिचे वडील गोठ्याच्या दारात बसले होते. ते म्हणाले, "पोरगीनं शिकू नये असं न्हाय बाई. पर वाटंत काय बरंवाईट झालं तर तुमी येणार हाय का?"

मी म्हणाले, "माझ्या खोलीवर ठेवा तिला."

दुसऱ्या दिवशी ती घोंगडं आणि नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन आली. पुढच्या वर्षी तिच्या वाड्यावरच्या आणखी दोघी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पाच झाल्या. दहा बाय बाराची खोली. आम्ही सहाजणी एका रांगेत झोपायचो आणि कूस वळायची झाली तर सगळ्यांनी मिळून वळायचो. घरमालक एकदा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, खोली तुमाला दिलीया. वसतिगृहाला न्हाय."

ते चिडून बोलले होते, पण माझ्या डोक्यात तो शब्द राहिला. दोन वर्षांनी वर्तमानपत्रात सरकारी वसतिगृहाच्या गृहपाल पदाची जाहिरात आली, तेव्हा मी अर्ज भरला. लोकांना वाटतं मी मोठा पगार बघून शाळा सोडली. पगारात चहापाण्याएवढा फरक होता. मी शाळा सोडली, कारण दहावीनंतर माझ्या मुलींना राहायला कुठं जागा नव्हती आणि माझ्या खोलीला भिंती होत्या.

अर्ज शाळेमार्फत जायला हवा, हे मला माहीत होतं. एक आगाऊ प्रत मी स्वतः थेट पाठवली आणि मूळ अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर म्हणाले, "ठेवा इथं. संध्याकाळच्या टपालात घालतो." त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नव्हतं. दहा वर्षं आम्ही एकाच शिक्षकखोलीत डबा खाल्ला होता.

निवड झाली, नेमणुकीचं पत्र आलं. मी पेढे घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि कोरा कागद पुढं केला. "राजीनामा लिहून टाका. म्हणजे आजच संस्थेकडं पाठवतो."

मी लिहायला लागले, की माझी शासनाच्या वसतिगृहात निवड झाल्यामुळं...

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "हे कशाला लिहिता? उगाच चौकशा लागतात. परवानगी कुठाय, पत्र कुठाय. सहा-सहा महिने सोडत न्हाईत माणसाला. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा. सुटसुटीत पडतंय."

मी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि सांगितलं तसं लिहिलं. मुलांच्या वहीतला चुकलेला अनुस्वार बघून लाल रेघ मारणारी मी, स्वतःच्या नोकरीचा कागद मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहून मोकळी झाले. या गोष्टीचा राग मला स्वतःचाही आहे. तो वेगळा.

वसतिगृहाची पुढची एकोणीस वर्षं इथं लिहीत बसत नाही. ऐंशी मुली, चार न्हाणीघरं, उन्हाळ्यात दिवसाआड पाणी. कुणाला ताप आला तर गृहपाल, कुणाचा बाप दारू पिऊन फाटकाशी आला तर गृहपाल, बारावीच्या रसायनशास्त्राला शिक्षिका नाही तर तिथंही गृहपालच. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये फळा टेकवून मी गणित घ्यायची. खातं बदललं होतं, काम नव्हतं बदललं.

आणि आता खिडकीतले गृहस्थ म्हणत होते, धरायची नाही.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते कमी बोलतात. तारेचं वेटोळं हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुस्तक न्हाय म्हणत्यात न्हवं? मग तू तितं व्हतीस ह्याचा पुरावा दिऊया की."

मी शाळेत गेले. सर निवृत्त झालेले, नवे लोक आलेले. तिथल्या लेखनिकानं दोन कपाटं उघडून दाखवली आणि सांगितलं की छत गळत होतं, जुनी सेवापुस्तकं त्यातच कुजली. पगारपत्रकंही गेली. मी त्याच वर्गांवरून चालत परत आले, जिथं मी बारा वर्षं खडू झिजवला, आणि तिथं माझ्या नावाची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

यजमान म्हणाले, "प्रगतिपुस्तकं. वर्गशिक्षिकेची सही असत्या त्यावर."

धनगरवाड्यावरची ती मुलगी लग्न होऊन हुपरीला आली होती. तिच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. फोन केला तर म्हणाली, "यावा की बाई, आजच या." गेले तेव्हा ती अंगणाकडेच्या खोलीत मांडी घालून बसली होती. समोर छोटी शेगडी, चिमट्यात पैंजणाची कडी. डाक लावून कडी सांधून झाल्यावर तिनं चिमटा ठेवला, हात धुतले आणि माझ्या पाया पडली. आता तिची स्वतःची मुलगी दहावीला होती.

तिनं पत्र्याची पेटी ओढली. आठवी, नववी, दहावी, तिन्ही प्रगतिपुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. "बगा, तुमची सही हाय की हितं. आनि हे बी तुमीच लिवलासा."

नववीच्या पुस्तकात शेऱ्याच्या जागी मी लिहिलं होतं, 'गणितात उत्तम. शाळा सोडू देऊ नये.'

मला रडू आलं नाही. आला तो संतापच. म्हटलं, या कागदावर माझी सही चालते, हिच्या आयुष्यात चालते, आणि सरकारच्या दप्तरात मी नाहीच.

"किती लागत्यात अशी?" तिनं विचारलं.

"प्रत्येक वर्षाचं एक मिळालं तर बरं."

"मी बगतो," ती म्हणाली. आणि तिनं खरंच बघितलं. फोनवर फोन केले. कुणी एस्टीच्या कंडक्टरकडं पाठवलं, कुणी स्वतः आणून दिलं. एकीच्या पुस्तकाला उंदरानं कोपरा खाल्लेला, एकीच्या पुस्तकावर तेलाचा डाग. महिन्याभरात बाराच्या बारा वर्षांची प्रगतिपुस्तकं माझ्या टेबलावर होती. मी त्यांच्या झेरॉक्स काढल्या, क्रमानं लावल्या, आणि गाठोडं घेऊन त्या खिडकीशी गेले. त्या दिवशी मी जवळजवळ आनंदात होते. खोटं कशाला बोलू?

गृहस्थांनी चार पानं उलटली. मग चष्मा काढला. "बाई, तुम्ही शिकवलं नाही असं कोण म्हणतंय?"

"तुम्हीच म्हणालात, पुस्तक नाही."

"ते नाहीच. पण पुस्तक असतं तरी उपयोग नव्हता." त्यांनी फाइलच्या तळातून एक कागद काढला. शाळेच्या संस्थेनं पाठवलेली माझ्या राजीनाम्याची प्रत. एवढा एकच कागद कुजला नव्हता. माझं अक्षर, माझी सही. "दुसऱ्या सरकारी नोकरीत जाण्यासाठी राजीनामा, असं यात लिहिलं असतं, आणि अर्ज शाळेमार्फत आला असता, तर आम्ही त्याला तांत्रिक राजीनामा म्हटलं असतं. मागची सेवा जोडली असती. तुम्ही वैयक्तिक कारण लिहिलंय. आणि शाळेकडून तुमचा अर्ज आल्याची आमच्या आवक नोंदवहीत नोंद नाही."

"मी मुख्याध्यापकांच्या हातात दिला होता."

"मग शाळेची जावक नोंदवही दाखवा."

ती छताखाली कुजली होती.

म्हणजे सरांनी तो अर्ज टपालात घातलाच नव्हता. निवड झाली ती मी थेट पाठवलेल्या आगाऊ प्रतीवर. इतक्या वर्षांनी हे मला एका अनोळखी माणसाकडून कळलं.

सरांनी कोल्हापुरात घर बांधलंय. दारात जास्वंद, आत झोपाळा. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ते झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. ऐंशीकडं झुकलेला माणूस. मला बघून खूश झाले. "या या बाई! किती वर्षांनी!"

मी बसले नाही. "सर, माझा अर्ज तुम्ही पाठवला नव्हता?"

"कसला अर्ज?"

"वसतिगृहाचा. आणि राजीनाम्यात वैयक्तिक कारण का लिहायला लावलंत?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. माझी खात्री आहे, त्यांना सगळं आठवत होतं. विसरलेला माणूस इतका वेळ घेत नाही.

"बसा तरी," ते म्हणाले.

"नको. सांगा."

"संस्थेच्या अध्यक्षांची सून बी.एस्सी. बी.एड. होऊन घरात बसली होती," ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही रीतसर गेला असता तर तुमची जागा दोन वर्षं राखून ठेवायला लागली असती. तुम्ही परत आला असता तर? त्यांना जागा पक्की रिकामी पाहिजे होती. मला सांगितलं तसं केलं मी. नोकरी होती माझी."

"माझी पण नोकरीच होती, सर."

"मला काय माहीत बाई, पुढं पेन्शनीला असं आडवं येईल म्हणून."

हे खोटं होतं. मुख्याध्यापकाला हे माहीत नसतं असं मला कुणी सांगू नये. शिपायाच्या रजेपासून मुख्य लेखनिकाच्या बढतीपर्यंत सगळे नियम त्यांना तोंडपाठ असायचे.

"मग आता हे लिहून द्या," मी म्हणाले.

"या वयात मला कोर्टकचेरी नको. बीपी आहे मला."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कधीपासून ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला, सरांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची पेन्शन येत्या न्हवं एक तारखेला? मग द्या की लिहून. ह्या बाईनं काय वाईट केलंय तुमचं?"

सरांनी नातवाची वही मागवली, मांडीवर घेतली आणि लिहून दिलं. अर्ज हाती आला होता पण पाठवला नाही, राजीनाम्याचा मजकूर त्यांच्या सांगण्यावरून लिहिला गेला. अध्यक्षांचं आणि सुनेचं त्यात काही आलं नाही. मी तेवढ्यावर समाधान मानलं. चहा घेतला नाही. त्यांच्या पत्नींना वाईट वाटलं असेल, पण तो कप माझ्या हातून उचललाच गेला नसता.

तो कागद मी जोडला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: मुख्याध्यापकांनी सेवानिवृत्तीनंतर दिलेलं निवेदन अधिकृत धरता येत नाही. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसले. इतक्या जोरात, की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय झालं.

काय सांगणार? सरांनी सेवेत असताना केलं ते अधिकृत. तेव्हा खोटं लिहायला लावलं ते ग्राह्य. आता खरं लिहिलं ते अग्राह्य. कुठल्याच ओळीमागं कुणाचं मन म्हणून नाही. उत्तराखाली सही होती, शिक्का होता, पण वाचून दोन मिनिटं विचार केला असेल अशा माणसाचा मागमूस नव्हता.

मी एक वकीलबाई गाठल्या आणि वरच्या अधिकाऱ्यांकडं अपील केलं. सुनावणीला खात्याचे प्रतिनिधी उठून म्हणाले, "अर्जदार स्वेच्छेनं नोकरी सोडून गेल्या. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही."

वकीलबाई उत्तर द्यायच्या तयारीत होत्या. त्यांच्या आधी मीच उठले. "मी सोडून गेले, ते कुठं गेले तेही वाचा," मी म्हणाले. "मी दुकान घालायला गेले नाही, परदेशी गेले नाही. शनिवारी सरकारच्या पगारावर शिकवत होते, सोमवारी सरकारच्याच वसतिगृहात मुलींचा भात मोजत होते. मध्ये एक रविवार. तेवढ्यात माझी बारा वर्षं कुणी नेली?"

समोरच्या अधिकाऱ्यांनी मान वर केली. मला वाटलं, गप्प बसा म्हणतील. ते म्हणाले, "बाई, बसा. तुमचं म्हणणं नोंदवलंय." मग त्यांनी खात्याला प्रकरण पुन्हा तपासायला सांगितलं. वकीलबाईंनी माझा हात दाबला. आम्ही बाहेर येऊन मिसळ खाल्ली. पहिल्यांदाच बरं वाटलं होतं.

खात्यानं प्रकरण पुन्हा तपासलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. शब्दाला शब्द तोच नकार, फक्त वरची तारीख नवी. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून ओळीओळीनं पडताळली. पहिल्या पत्रात 'सेवानिवृत्ती' चुकीचं लिहिलं होतं. दुसऱ्यातही तसंच.

आता मी एका खाजगी मुलींच्या होस्टेलवर दिवसा देखरेखीला जाते. कळंब्याच्या बाजूला. निवृत्त माणसानं घरी बसावं, तुळशीला पाणी घालावं, असं लोक सांगतात. यजमानांची नजर अधू झाल्यापासून बारीक तारेचं काम होत नाही, कारखान्याला कुलूप आहे. माझी जुनी सहकारी, माझ्याच वर्षी शाळेत लागलेली, ती तिथंच राहिली आणि आता निवांत पेन्शन घेते. मी तिचा हेवा करत नाही. तिनं कमावलंय ते. मीही कमावलंय.

नव्या नकाराच्या पत्राला धरून पुन्हा दाद मागायची, असं वकीलबाई म्हणाल्या. वर्षं लागतील, हेही त्यांनी सांगितलं. मी यजमानांना विचारलं, "काय करूया? आता बास म्हणायचं का?"

ते म्हणाले, "बास त्यांनी म्हणायचं. आपण कशाला?"

उठून त्यांनी झब्बा घातला. मी पत्रं, सरांचं निवेदन आणि प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स पिशवीत भरल्या, दाराला कुलूप लावलं. ते हात धरून माझ्यासोबत रिक्षात बसले. वकीलबाईंच्या ऑफिसात आम्ही अकराला पोचलो आणि संध्याकाळच्या आत दुसरं अपील दाखल केलं.